मंगळावरील वायुभार : एका आकड्याची कथा

वसंत ऋतूतील या व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांच्या हातांत घडी केलेले वर्तमानपत्र असते. व्याख्यान रंगले नाही तर वारा घेण्यास तरी ते उपयोगी पडते! वैशाख सरत आला की त्या वर्तमानपत्रात एक वाक्य दिसू लागते : समुद्रावर कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे. ते वाचून शेतकरी आभाळाकडे पाहतो आणि घरात पापड-कुरडयांची वाळवणे आटोपती घेतली जातात. हवेला दाब असतो म्हणजे काय, हे ज्याला धड सांगता येणार नाही त्यालाही तो कमी झाला म्हणजे काय होणार, हे पक्के ठाऊक असते. हवेच्या भाराशी आपला व्यवहार असा रोजचा आहे.

आज आम्ही ज्या वायुभाराविषयी लिहीत आहोत तो मात्र येथला नव्हे. तो कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या मंगळावरचा आहे. मंगळ आपल्याला परका नाही. जन्मपत्रिकेत तो नको त्या घरात बसला म्हणून जुळत आलेली लग्ने फिसकटल्याचे आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु त्या ग्रहावरील हवा किती जड, किती विरळ, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाची पासष्ट वर्षे खर्ची पडली. आणि तोवर मोठमोठ्या विद्वानांनी दिलेली उत्तरे थोडीथोडकी नव्हेत, दसपटीहून अधिक चुकलेली होती. ती का चुकली आणि कशी सुधारली, ही हकिकत मोठी बोधप्रद आहे.

प्रारंभ मुळापासून करू. हवेला वजन आहे आणि ते मोजता येते, हे इटलीतील टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास दाखवले. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून त्याने ती पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६० मिलिमीटर उंचीवर थांबला. भांड्यातील पाऱ्यावर बाहेरच्या हवेचा जो भार पडत होता, त्यानेच नळीतला स्तंभ तोलून धरला होता. पुढे १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए अशी नळी घेऊन पुई द डोम नावाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा आठ सेंटिमीटरांहून अधिक खाली उतरलेला आढळला. जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते, हे सिद्ध झाले.

आजकाल हा दाब मिलिबारांत सांगतात. समुद्रसपाटीवर तो साधारण १०१३ मिलिबार असतो. पुण्यासारख्या घाटमाथ्यावरील शहरात तो साडेनऊशेच्या आसपास येतो, आणि एव्हरेस्टच्या शिखरावर समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाएवढाच उरतो. वाचकांनी एवढे तीन आकडे ध्यानात ठेवावेत. पुढील सर्व कथेला तेच माप लावायचे आहे.

आता मंगळाकडे वळू. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असता इटालियन ज्योतिषी स्कियापारेल्ली याने त्याच्यावर बारीक रेघांचे जाळे पाहिल्याचे प्रसिद्ध केले. त्या रेघांना त्याने आपल्या भाषेत जो शब्द वापरला त्याचा अर्थ नुसते ‘प्रवाहमार्ग’ असाही होतो. पण इंग्रजीत जाताना त्याचे ‘कालवे’ झाले. कालवा म्हटला की तो खणणारा आला! अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल या धनिक व बुद्धिमान गृहस्थाने तर या कल्पनेला आयुष्य वाहिले. ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे १८९४ साली त्याने स्वतःची वेधशाळा उभारली. मंगळ सुकत चालला आहे, आणि तेथील शहाणे प्राणी ध्रुवांवरचे बर्फ वितळवून ते पाणी कालव्यांनी शेतांकडे नेत आहेत, असे चित्र त्याने ग्रंथांतून आणि व्याख्यानांतून रंगवले. लोक भारावून गेले. दुष्काळ पाहिलेल्या कोणाही माणसाला पटावी अशीच ती गोष्ट होती.

परंतु कालव्यात पाणी वाहायचे तर त्यावर हवेचा पुरेसा भार हवा. उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही, कारण तेथे पाणी कमी उष्णतेलाच उकळू लागते. दाब जितका कमी, तितका उकळबिंदू खाली. हा दाब सहा मिलिबारांच्या आसपास आला की पाणी शून्य अंशालाच उकळते. म्हणजे बर्फ वितळून त्याचे पाणी व्हायला जागाच राहत नाही, बर्फाची थेट वाफ होते. तेव्हा मंगळावर कालवे असू शकतील की नाही, या प्रश्नाचा निकाल दुर्बिणीतल्या रेघांपेक्षा तेथील वायुभाराच्या आकड्यावर अवलंबून होता.

लोवेलने १९०८ साली तो आकडा दिला : ८७ मिलिबार. मंगळ किती सूर्यप्रकाश परत फेकतो हे पाहून, त्यात हवेचा वाटा किती असावा याचा त्याने हिशेब केला होता. या दाबाखाली पाणी त्रेचाळीस अंशांच्या आसपास उकळेल. अर्थात कालवे खुशाल वाहू शकतील. आकडा मोठा सोयीचा होता. आम्ही लोवेलवर लबाडीचा आरोप करीत नाही. त्याने गणित प्रामाणिकपणे केले. पण गणितात एक गृहीतक दडले होते : आकाशातून परत येणारा प्रकाश स्वच्छ हवेनेच विखुरलेला आहे, असे त्यात धरले होते. हवेत तरंगणारी धूळही प्रकाश विखुरते, आणि मंगळावर तर धुळीचे राज्य. धुळीचा वाटा हवेच्या नावे जमा झाला आणि हवा फुगली.

त्या काळीही विरोधी आवाज होते. डार्विनबरोबर ज्याचे नाव घेतले जाते त्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने १९०७ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, एक लहानसे पुस्तक लिहून मंगळ अतिशय थंड आहे आणि वाहते पाणी तेथे संभवत नाही, असे प्रतिपादन केले. लिक वेधशाळेचा कॅम्बेल १९०९ साली आपली यंत्रे घेऊन माउंट व्हिटनेच्या शिखरावर चढला. पृथ्वीवरच्या हवेतील बाष्पाचा अडथळा शक्य तितका कमी करावा, हा हेतू. मंगळाच्या प्रकाशात बाष्पाची खूण म्हणावी अशी त्याला सापडली नाही. पण कालव्यांच्या गोष्टीपुढे ‘सापडले नाही’ हे वाक्य कितीसे टिकणार?

लोवेल १९१६ साली वारला. कालव्यांवरचा विश्वास हळूहळू ओसरला. आकडा मात्र मागे राहिला, आणि यातच खरी मौज आहे. पुढच्या पिढीने अधिक चांगल्या दुर्बिणी आणि अधिक सूक्ष्म प्रकाशमापन वापरले. पण पद्धतीच्या मुळाशी असलेले गृहीतक तेच ठेवले. १९४७ साली कायपर याने मंगळाच्या हवेत कार्बन डायॉक्साइड, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बवायू, असल्याचे शोधून काढले. पण तो थोडा असावा आणि उरलेली हवा आपल्याकडच्यासारखी बहुतेक नत्रवायूची असावी, असे सर्वांनी मानले. १९५४ साली द व्होकुलर या ज्योतिर्विदाने तोवरच्या सगळ्या मापनांचा मेळ घालून निर्णय दिला : ८५ मिलिबार, अधिक-उणे ४. पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्याशी हा किती जुळतो पाहा! अनेक मापने एकमेकांशी जुळली की सत्य हाती आले, असे वाटू लागते. वस्तुतः ती सारी एकाच वाटेने चालून एकाच ठिकाणी चुकलेली असू शकतात, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही.

याच सुमारास वेर्नहर फॉन ब्राउन याने मंगळावरील स्वारीचा तपशीलवार आराखडा प्रसिद्ध केला. त्यात मंगळावर उतरणाऱ्या यानांना मोठमोठे पंख होते. विमानासारखी तरंगत ती जमिनीवर टेकणार होती. कागदावर ती उत्तम उतरली. ८५ मिलिबारांच्या भरवशावर माणसे खरोखरच निघाली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. वेधशाळेतील एका गृहीतकाची किंमत अशी कोणाच्या तरी जिवाशी येऊन भिडते.

पहिला धक्का १९६३ च्या एप्रिलमध्ये बसला. माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीतून मंगळाचा वर्णपट घेण्यात आला, आणि त्यावर कॅप्लन, म्युंच आणि स्पिनरॅड या तिघांनी काम केले. त्यांची युक्ती निराळी होती. कर्बवायूच्या फिक्या रेषांवरून तो वायू एकंदर किती आहे ते कळते. त्याच वायूच्या ठळक रेषा मात्र दाबाने रुंदावतात. दोहोंची तुलना केली की एकूण दाब निघतो आणि धुळीची अडचण बरीचशी टळते. १९६४ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले : २५ मिलिबार, अधिक-उणे १५. हे ‘अधिक-उणे १५’ वाचकांनी नीट पाहावे. आधीचा आकडा छातीठोक होता आणि साफ चुकीचा होता. हा आकडा स्वतःच्या अज्ञानाची कबुली देतो, आणि तोच सत्याच्या कितीतरी जवळ होता.

यानंतरचा निर्णायक प्रसंग १९६५ च्या जुलैतला. आदल्या नोव्हेंबरात निघालेले मरिनर-४ हे अमेरिकन यान १४-१५ जुलैच्या सुमारास मंगळाजवळून, दहा हजार किलोमीटरांहूनही कमी अंतरावरून गेले. त्याने धाडलेली वीस-बावीस छायाचित्रे जगभर गाजली. कालवे नाहीत, शेते नाहीत. चंद्रावर असतात तशी विवरे दिसली. पण आमच्या दृष्टीने त्या दिवशीची खरी मिळकत छायाचित्रांत नव्हती. यानाचा मार्ग असा आखला होता की, मंगळ ओलांडल्यावर ते पृथ्वीवरून पाहता मंगळाच्या आड जावे. आड जाताना त्याच्या क्षीण रेडिओ-लहरी मंगळाच्या हवेला चाटून पृथ्वीकडे येणार होत्या. पाण्यात घातलेली काठी वाकलेली दिसते, त्याच न्यायाने हवेतून येणारी लहर किंचित वाकते, किंचित रेंगाळते. ती किती रेंगाळली हे मोजले की हवेची घनता निघते. यासाठी यानावर वेगळे यंत्रसुद्धा लागत नव्हते. बोलण्यासाठी ठेवलेला रेडिओच वायुभारमापक झाला. एकवीस कोटी किलोमीटर दूरवरून, बारा मिनिटांचा प्रवास करून आलेल्या त्या लहरीत पडलेला सूक्ष्म फरक क्लिओरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अचूक टिपला.

उत्तर आले चार ते सात मिलिबार!

म्हणजे आपल्या समुद्रसपाटीच्या सुमारे दोनशेवा हिस्सा. एव्हरेस्टचे शिखर त्यापुढे दाट हवेचे स्थान म्हणावे लागेल. पृथ्वीवर इतकी विरळ हवा गाठायची तर पस्तीस किलोमीटर उंच जावे लागते. शिवाय आणखी एक गोष्ट उघड झाली. कर्बवायू एकटाच जवळजवळ एवढा दाब देत होता; मग नत्रवायूला जागा उरलीच कोठे? मंगळाची हवा थोडीबहुत नव्हे, जवळजवळ सगळी कर्बवायूचीच ठरली. फॉन ब्राउनच्या पंखांना आता आधार राहिला नाही. नुसत्या हवाई छत्रीनेही भागणार नव्हते. पुढे जी याने उतरली त्यांना छत्रीच्या जोडीला उलट्या दिशेने पेटणारी रॉकेटे द्यावी लागली.

पाठोपाठ १९६६ साली लेटन आणि मरे यांनी एक विलक्षण भाकीत केले. हवा कर्बवायूची आणि ध्रुवांवरची थंडी कडाक्याची. तर ध्रुवांवर हिवाळ्यात साठणारे शुभ्र टोप मुख्यतः गोठलेल्या कर्बवायूचेच असले पाहिजेत. म्हणजे प्रत्येक हिवाळ्यात हवेचाच काही भाग बर्फ होऊन जमिनीवर पडेल आणि उन्हाळ्यात पुन्हा हवेत जाईल. तसे असेल तर सगळ्या ग्रहाचा वायुभार ऋतूंबरोबर खालीवर झाला पाहिजे. हे खरे की खोटे, याचा निर्णय एकच गोष्ट करू शकत होती : मंगळावर वायुभारमापक ठेवून तो रोज वाचत राहणे.

तो योग १९७६ साली आला. २० जुलै रोजी व्हायकिंग-१ आणि ३ सप्टेंबर रोजी व्हायकिंग-२ मंगळावर उतरले. त्यांवर टॉरिचेलीची नळी अर्थातच नव्हती. मंगळाचे गुरुत्वाकर्षण आपल्या तीन-अष्टमांशाएवढे, त्यामुळे तेथे सहा मिलिबारांना पारा सुमारे बारा मिलिमीटर उभा राहिला असता. पण पारा उणे ३९ अंशांना गोठतो, आणि व्हायकिंग-१ पाशी पहाटेचे तापमान उणे ८६ पर्यंत उतरत होते! म्हणून पाऱ्याऐवजी धातूचा पातळ पडदा वापरला होता. एका बाजूस निर्वात पोकळी, दुसऱ्या बाजूस नळीवाटे येणारी मंगळाची हवा. हवेच्या भाराने पडदा किती दबतो ते विजेच्या साहाय्याने मोजायचे.

सेमूर हेस या हवामानशास्त्रज्ञाच्या गटाने मग मंगळाचे हवामानवृत्त देण्यास सुरुवात केली : वारे मंद, दुपारचे तापमान उणे तीसच्या घरात, दाब ७.७ मिलिबार. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापतात तसलेच ते वृत्त. फरक इतकाच की गाव दुसऱ्या ग्रहावरचे होते. पण दिवसामागून दिवस जाऊ लागले तसा दाब थोडा थोडा उतरू लागला. आपल्याकडे वायुभारमापक असा खाली येऊ लागला तर नावा किनाऱ्याला ओढून घेतात. मंगळावर वादळ काही आले नाही. दाब काही महिने उतरतच राहिला, व्हायकिंग-१ पाशी ६.७ पर्यंत येऊन थांबला, आणि पुढे चढत चढत ९ मिलिबारांपर्यंत गेला. दूर दक्षिण ध्रुवावर हिवाळा होता. तेथे हवा गोठून पडत होती आणि तिची तूट हजारो किलोमीटर दूर उत्तर गोलार्धातील यंत्राला जाणवत होती. लेटन आणि मरे यांचे भाकीत खरे ठरले. याचे मोठेपण समजण्यास एक तुलना पुरे. १९९९ साली ओडिशाची दैना करणाऱ्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात दाब ९१२ मिलिबारांपर्यंत, म्हणजे नेहमीपेक्षा एक दशांशाने उतरला होता. मंगळावर याहून दुपटीने मोठी घट दर वर्षी निमूटपणे होते; एक पानही हलत नाही, कारण हलायला पान नाही.

येथे चिकित्सक वाचक विचारील : कशावरून हा आकडा तरी खरा? ८५ चा आकडाही एके काळी सर्वमान्य होता. यंत्राच्या नळीत मंगळाची धूळ अडकली नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर असे : ८५ च्या मागे उभे असलेले साक्षीदार एकाच घरचे होते, आजचे साक्षीदार वेगवेगळ्या गावांचे आहेत. रेडिओ-लहरींना धूळ अडकणारी नळी नाही. त्यांचे आणि पडद्याच्या यंत्राचे उत्तर जुळते. १९९७ साली पाथफाइंडरने आपल्या यंत्राने तसाच दाब नोंदवला. २०१२ साली गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटीवर फिनलंडच्या हवामान संस्थेने बनवलेले, निराळ्या धाटणीचे यंत्र होते. त्यातही ऋतूंबरोबरचा तोच चढउतार आढळला. धूळ अडकून बिघडलेले यंत्र दर वर्षी त्याच महिन्यात त्याच आकड्यावर परत कसे येईल? आणि शेवटची साक्ष सर्वांत बोलकी आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी इन्जेन्युइटी नावाचे पावणेदोन किलोंचे हेलिकॉप्टर मंगळावर उडाले. त्याची पाती विरळ हवेचा हिशेब धरून बनवली होती. मिनिटाला चोवीसशेहून अधिक फेरे घेतल्यावरच ते उचलले गेले. आकडा चुकीचा असता तर ते हिशेबाप्रमाणे उडते ना! फॉन ब्राउनचे पंख चुकीच्या आकड्यावर कागदातच राहिले. हे चिमुकले पंख खऱ्या आकड्यावर तरले आणि २०२४ च्या जानेवारीपर्यंत बहात्तर वेळा उडाले.

या कार्याला आपलाही हात लागला आहे, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान त्या ग्रहाच्या कक्षेत पोचले. जमिनीवरचा वायुभार मोजण्याचे काम त्याचे नव्हते. पण मंगळाचे वातावरण जेथे विरत विरत अवकाशात मिसळते तेथील वायूंची मोजदाद करणारे यंत्र त्यावर होते. दाट हवा गेली कोठे, या प्रश्नाचे एक टोक तेथेच आहे. मंगळावर कोरड्या नद्यांची पात्रे आहेत. म्हणजे कधीकाळी तेथे पाणी वाहण्याइतकी हवा होती. लोवेलचा मंगळ अगदीच खोटा नव्हता. तो अब्जावधी वर्षे उशिरा जन्मला, इतकेच.

व्हायकिंग-१ सहा वर्षांहून अधिक काळ हवामान कळवीत राहिले आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पृथ्वीवरून गेलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कायमचे मुके झाले. त्याला टॉमस मच या भूशास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले आहे. व्हायकिंगच्या छायाचित्रांचे काम त्याच्याकडे होते. १९८० साली हिमालयात नून शिखरावर गेला असताना त्याला मृत्यू आला. एका ग्रहाची विरळ हवा यंत्रांच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाने आपल्याच ग्रहाच्या विरळ हवेत देह ठेवला.

८७ पासून ७.७ पर्यंतचा हा प्रवास आम्ही येथे सांगितला तो विद्वानांची फजिती दाखवण्यासाठी नव्हे. चुकीचे आकडे देणारेही मोजणारेच होते, आणि त्यांच्यावाचून पुढच्यांना सुधारण्यास काही मिळाले नसते. पण आपल्याला जे खरे असावेसे वाटते त्याच्याशी एखादा आकडा फारच सुखाने जुळू लागला, तर तो आणखी एकदा, आणि शक्य तर निराळ्या वाटेने, मोजून पाहावा. हे मंगळापुरते खरे आहे असे नाही. पिकाची आणेवारी असो, धरणातील पाणी असो की घरचा जमाखर्च असो, आकड्यापुढचे ‘अधिक-उणे’ विचारण्याची सवय ज्या समाजाला लागते त्याची फसगत कमी होते. पुढल्या वेळी वर्तमानपत्रात कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी वाचाल, तेव्हा समुद्रावर कोणीतरी तो आकडा खरोखर मोजलेला आहे, याची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.